तिसऱ्या नंबरची गोलकीपर

४ मे

प्रिय मामा,

हे पत्र मी दुकानातल्या कापायच्या टेबलावर बसून अगदी उघडपणे लिहिते आहे. बाबा समोर एका कोटाची बाही उसवत उभे आहेत. मी कुणाला लिहिते आहे ते त्यांना पक्कं ठाऊक आहे, पण ते विचारणार नाहीत. दोन वर्षं झाली, ते तुला फार तर ‘जहाजावरचे’ म्हणतात, तेही आईकडे पाठ करून. मघाशी मात्र म्हणाले, “जहाजावरच्यांना लिहीत असशील तर जरा अक्षर सुधार. कोंबडी पळाल्यासारखं दिसतंय.” तुला वाचताना त्रास होऊ नये अशी त्यांची इच्छा आहे, असा मी याचा अर्थ काढला. आई म्हणते, मी जरा जास्तच अर्थ काढते.

आता बातमी. खुर्चीत बस. जहाजावर खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या असतात असं तू म्हणायचास, तेव्हा पडायची भीती नाही.

मला औषधनिर्माणच्या कॉलेजात जागा मिळाली. चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि यादीत माझं नाव बरंच वर आहे. बाबांनी ही बातमी दुकानात आलेल्या प्रत्येक माणसाला माप घेता घेता सांगितली. एका गिऱ्हाइकाला दोनदा सांगितली, कारण त्याच्या दोन पँटी होत्या.

आणि त्याच आठवड्यात एका मोठ्या क्लबने विचारलं. त्यांचा महिला फुटबॉल संघ सगळ्यांत वरच्या गटात खेळतो. आमच्या शाळेचा शेवटचा सामना बघायला त्यांचा माणूस आला होता म्हणे. दोन वर्षांचा करार, त्यांच्या शहरात, त्यांच्या होस्टेलवर. काम, तिसऱ्या नंबरची गोलकीपर. ही बातमी बाबांनी कुणालाच सांगितली नाही.

दोघांनाही जूनअखेर उत्तर हवं आहे. कॉलेज जागा राखून ठेवत नाही आणि क्लब चार वर्षं थांबत नाही.

म्हणून तुला सरळ विचारते. तू कॉलेज अर्ध्यात टाकून फुटबॉल क्लबच्या करारावर सही केलीस, तिसऱ्या हंगामात तुझा गुडघा गेला आणि आता तू मालवाहू जहाजावर स्वयंपाक करतोस, हे मी सगळ्यांच्या तोंडून ऐकलं आहे. तुझ्या तोंडून कधीच नाही. दोन वर्षांपूर्वी त्या दिवशी जेवताना तू म्हणालास, “हिला कॉलेजबिलेजात अडकवू नका,” आणि बाबा म्हणाले, “म्हणजे हीसुद्धा तुझ्यासारखी बटाटे सोलायला मोकळी.” तू ताटावरून उठलास आणि बूट घालायलासुद्धा थांबला नाहीस, हातात घेऊनच निघून गेलास. माझा प्रश्न तसाच राहिला.

मामा, तुला पश्चात्ताप होतो का? खेळायला गेल्याचा?

मी अगदी शांत आहे. काल फक्त चहात मीठ घातलं.

आई विचारते, लोकरी मोजे मिळाले का.

तुझी,
शिडी

२२ मे

प्रिय मामा,

तुझं चार पानी पत्र मिळालं. कॅप्टनना कस्टर्ड किती आवडतं ते कळलं. इंजिनावरचा माणूस भात खाताना रडतो आणि का रडतो ते सांगत नाही, हेही कळलं. मोजे घट्ट होतात हे आईला सांगितलं. ती म्हणाली, “पाय वाढले का त्याचे या वयात?” माझ्या प्रश्नाबद्दल मात्र चार पानांत एक अक्षर नाही. पेनल्टी मारायला कुणी समोर उभं असताना गोलकीपरने पाठ फिरवून बुटाची नाडी बांधत बसावं, तसं केलंस तू.

ठीक आहे. मी पुन्हा विचारीन.

क्लबचा तो माणूस दुकानात येऊन गेला. नवे खेळाडू शोधणं हाच त्याचा धंदा, म्हणून आईने त्याचं नाव ‘शोधकाका’ ठेवलं आहे. तो आत आला, हसला, हात पुढे केला, आणि बाबा त्याला पहिलं वाक्य काय बोलले असतील?

“तुमचा डावा खांदा उतरलाय. बॅग रोज त्याच बाजूला घेता ना?”

बिचाऱ्याने बॅग मुकाट्याने उजव्या खांद्यावर घेतली. पुढचं सगळं बोलणं त्याने तसंच, अवघडून केलं.

आई काज करत होती. मान वर न करता तिने विचारलं, “तिसऱ्या नंबरची म्हणजे ही खेळणार कधी?”

“सराव रोज असतो, ताई.”

“सराव नव्हे. सामना.”

“म्हणजे... पहिल्या दोघींपैकी कुणाला काही झालं तर.”

“अगंबाई! म्हणजे हिने रोज सकाळी उठून दुसऱ्याचं वाईट व्हायची वाट बघायची?”

शोधकाका माझ्याकडे बघायला लागले. मी छताकडे. ते म्हणाले, एक आठवडा येऊन राहा, सराव कर, मग ठरव. आई म्हणाली, जाऊन तर ये. बाबा काहीच बोलले नाहीत. त्यांच्या तोंडात टाचण्या होत्या.

त्याआधी मी कॉलेज बघून आले. मामा, तुला खरं सांगते, मला ते फार आवडलं. तिथल्या प्रयोगशाळेत काचेच्या पेटीत ठेवलेला तराजू आहे. पेटीचं दार उघडं असताना नुसता श्वास सोडला तरी आकडा बदलतो. मी श्वास रोखून उभी राहिले, तर तिथल्या बाई म्हणाल्या, “तुला जमेल हे काम.” मला एवढा आनंद झाला की श्वास सोडायचंच राहिलं.

त्यांचा मुलींचा संघही आहे. प्रशिक्षक कोण, तर ग्रंथपाल. मैदानावरसुद्धा हळू आवाजात बोलतात. जाळीचं भोक पुस्तकांचे गठ्ठे बांधायच्या सुतळीने शिवलेलं आहे. मी दहा-बारा चेंडू अडवले. सगळेच अडवले. ग्रंथपालसर हरखून गेले. म्हणाले, “तू आलीस की बाकी दहा जणी कोण आहेत ते बघायचीसुद्धा गरज नाही.”

घरी येऊन हे सांगितलं तर बाबा म्हणाले, “बघ. तिथे पहिली, तिकडे तिसरी. यात विचार करण्यासारखं काय आहे?”

हिशेब बरोबरच आहे. पण बसमध्ये येताना सारखं काहीतरी टोचत होतं. नव्या सदऱ्यात राहून गेलेली टाचणी असते ना, तसं. काय ते अजून सापडलेलं नाही.

तुझी,
शिडी

ता. क. मोजे परत पाठवू नकोस. आई म्हणते, ताणले की होतात.

५ जून

प्रिय मामा,

क्लबच्या होस्टेलवरून लिहिते आहे. हात दुखतो आहे, तेव्हा बाबा म्हणतील ती कोंबडी आज लंगडीही आहे असं समज.

मी इथे सगळ्यांत वाईट आहे.

‘जरा कमी पडते’ असं नाही. वाईट. पहिल्या दिवशी माझ्यावर एवढे गोल झाले की चेंडू आणून द्यायचं काम ज्यांच्याकडे होतं त्या बाईंनी मला विचारलं, “बाळ, तू खरंच गोलकीपर आहेस ना?” चेंडू पायातून सुटल्यावर पुढे काय होतं ते मला दिसतच नव्हतं. जाळी हलल्यावर कळायचं.

पहिल्या नंबरच्या गोलकीपरला सगळ्या ‘ताई’ म्हणतात. तिशीच्या पुढची आहे, दोन मुलांची आई, आणि सरावाआधी मुलांचा गृहपाठ फोनवरून तपासते. “सात पंचे? नीट सांग... सात पंचे?” असं ओरडत हातमोजे चढवते. दुसरी कायम गुणगुणत असते, चेंडू अंगावर येत असतानासुद्धा. गोलकीपरांना शिकवणाऱ्या बाई माझ्या खांद्यापर्यंतच येतात, आणि माझी उंची बघून त्यांनीही मला पहिल्याच दिवशी ‘शिडी’ म्हटलं. शिट्टी वाजवत नाहीत, टाळी वाजवतात, आणि टाळी वाजली की आपलं काहीतरी चुकलेलं असतं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेतलं.

“चेंडू मारायच्या आधीच तू उडी मारतेस. का?”

“समोरची कुठे मारणार ते मला कळतं.”

“कसं कळतं?”

“कमरेकडे बघून. चेंडूकडे नाही बघायचं.”

“कुणी शिकवलं?”

“मामाने.”

“मामांना माझा नमस्कार सांग,” बाई म्हणाल्या. “आणि सांग, हल्लीच्या मुली कमरेने थापा मारतात.”

तर हा निरोप पोचवला.

मग त्यांनी मला थांबायला शिकवलं. म्हणजे अजून आलेलं नाही, पण शिकवलं. अगदी शेवटपर्यंत उभं राहायचं, पाय जमिनीवर, आणि मग जायचं. मामा, ते थांबणं किती कठीण आहे! आतून सगळं अंग म्हणतं, पळ. काल ताईचा एक चेंडू माझ्या बोटांना लागून बाहेर गेला. एकच. टाळी वाजली नाही. मी रात्रीच्या जेवणात दुसऱ्यांदा भात घेतला.

आणखी एक. निघताना बाबांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक गठ्ठा दिला आणि म्हणाले, “झोपताना घालायला आहे.” इथे उघडला, तर आत दोन हाफपँटी. कमरेच्या दोन्ही बाजूंना आतून गादीसारखं काहीतरी दुहेरी शिवलेलं. घालून मैदानावर गेले तर ताईने येऊन दाबून बघितलं. “हे काय आहे गं?” मी चाचपलं आणि लगेच ओळखलं. कोटाच्या खांद्यांत घालतात ते पॅड! सगळ्या जणी हसून लोळल्या. पण आठवडाभर मी कडक जमिनीवर आपटते आहे आणि माझ्या अंगावर एक काळा-निळा डाग नाही. दुसऱ्या नंबरवालीने मला हळूच विचारलं आहे, बाबा तिचीही शिवून देतील का.

म्हणजे बघ. जाऊ नको म्हणणारा माणूस पडायची तयारी करून देतो. यात मी जास्त अर्थ काढते आहे का?

टोचणारी टाचणीही सापडली. पण ती आधी घरी सांगायला हवी.

तुझी,
(इथेही) शिडी

१४ जून

प्रिय मामा,

घरी आले तर दुकानात निराळंच प्रकरण होऊन गेलेलं. आईने सगळं हावभावासकट सांगितलं, तसंच तुला सांगते.

मी निघाले त्या दिवशी दुकानातले पॅड संपले होते. टेबलावर बँकेच्या मॅनेजरांचा कोट होता, शिवून तयार. बाबांनी त्याचे खांदे काढून माझ्या हाफपँटीत घातले. विचार असा, की दोन दिवसांत नवे पॅड येतील, ते कोटात घालू. पॅड आले. बाबा विसरले. कोटाला इस्त्री झाली, घडी झाली, कोट गेला. मॅनेजर तो घालून कुठल्याशा समारंभाला गेले, आणि दुसऱ्या दिवशी फोटो घेऊन दुकानात हजर.

“हे बघा. बाटली दिसतोय मी. बाटली!”

बाबांनी फोटो बघितला. आई म्हणते, त्यांचा चेहराच उतरला.

“माझे खांदे कुठे आहेत?” मॅनेजर म्हणाले.

“बाहेरगावी गेलेत,” बाबा म्हणाले.

“खांदे?”

“शनिवारी येतील. मुलीबरोबर गेलेत. तिची तिकडे फुटबॉलची चाचणी आहे. गोलकीपर असते ती. सारखी पडते.”

मॅनेजरांनी फोटो खिशात घातला. मग स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, “मग? अडवतेय का?”

“पहिल्या दिवशी एकही नाही,” बाबा म्हणाले. “काल एक. बोटं लागली. पण बोटं लागणं हे तिथे पुष्कळ असतं म्हणे.”

मी फोन आईला करत होते, मामा. फक्त आईला. बाबा दरवेळी नेमके तेव्हाच इस्त्रीत पाणी भरायला जात होते.

मॅनेजर म्हणाले, “राहू द्या ते तिच्याकडेच. मला दुसरे घाला.”

हे सगळं ऐकून मला धीर आला आणि मी बाबांसमोर जाऊन सांगून टाकलं.

“बाबा, मला सही करायची आहे.”

ते सुईत दोरा ओवत होते. ओवला. गाठ मारली. “तिसरी म्हणून?”

“हो. तिसरी आहे म्हणूनच. तिथे मी सगळ्यांत वाईट होते आणि मला रोज सकाळी उठून कधी एकदा मैदानावर जाते असं व्हायचं. कॉलेजच्या संघात मी पहिल्याच दिवशी सगळे चेंडू अडवले. मग चार वर्षं काय करू?”

“चार वर्षं औषधं शिकायची. कॉलेजात गोल अडवायला जात नाहीत.”

हे खरंच आहे. मी तसं म्हटलंही. प्रयोगशाळा मला आवडली आहे आणि ती सोडताना मला वाईट वाटणार आहे, हेही सांगितलं. पण ते काम मला नंतरही करता येईल. चेंडूसमोर थांबायला आत्ताच शिकावं लागेल.

“आणि पाय मोडला तर?”

माझ्याकडे याचं उत्तर नाही. असणार कुठून? अजून मोडलेला नाही.

बाबांनी कोट खाली ठेवला आणि म्हणाले, “तुझ्या मामाला विचार.”

मामा! ‘तुझ्या मामाला’! आईच्या हातून कात्री पडली.

“त्याला म्हणावं, खरं सांग. तिला गोड वाटेल ते नको. फोन कर म्हणावं, आणि मला सांग.”

मला अठरा पूर्ण झाली आहेत. उद्या एकटी जाऊन सही करू शकते, आणि तू काहीही सांगितलंस तरी माझं ठरलं आहे. पण या घरातून बूट हातात घेऊन निघणारं आणखी एक माणूस आईला सोसणार नाही. मलाही नाही. मला बूट घालून, नाड्या बांधून, सगळ्यांना सांगून जायचं आहे. ते आता तुझ्या हातात आहे. या वेळी पाठ फिरवून नाडी बांधत बसू नकोस.

दुकानाचा नंबर तोच आहे. दुपारी कर, गर्दी कमी असते.

शिडी

२८ जून

प्रिय मामा,

फोनवर तू काय बोललास ते तुला माहीत आहे. इकडे काय झालं ते तुला दिसलं नाही, म्हणून लिहिते.

फोन वाजला तेव्हा बाबा एका शिक्षकांच्या पँटीचं माप घेत होते. त्यांनी उचलला. “हॅलो... कोण?” मग टेप गळ्यात अडकवला आणि दुसऱ्या हाताने केस नीट केले. फोनवर, मामा! “हं. बरा आहे. तू? ... जेवलास का?” मग जरा थांबून, चिडून, “स्वयंपाकी आहेस ते मला माहीत आहे. स्वयंपाकी जेवत नाहीत का?”

आपण ऐकत नाही हे दाखवायला आईने मशीन सुरू केलं. त्यात कापडच नव्हतं. सुई नुसती खालीवर होत होती. शिक्षक एक पाय पुढे करून पुतळ्यासारखे उभे.

“मुद्द्याचं बोल,” बाबा म्हणाले. “तीन हंगाम खेळलास. गुडघा गेला. आता सांग.”

मग ते नुसतेच ऐकत राहिले. बराच वेळ. मधेच स्टुलावर बसले. एकदा म्हणाले, “हे तू तेव्हा का नाही सांगितलंस?” आणि शेवटी, भिंतीकडे तोंड करून, “ते बटाट्याचं मी बोलायला नको होतं. ... हो. ... नाही, तू उठलास तेही बरोबर नव्हतं, पण आधी मी बोललो.” मग एकदम हसले. कशाला हसले ते काही सांगत नाहीत. फोन आईला दिला. आई आधी रडली आणि मग मोज्यांवरून तुला रागावली, ते तू ऐकलंसच.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, “काय म्हणाला?”

“म्हणतो, गुडघ्याचं वाईट वाटतं. खेळलो त्याचं नाही.”

“आणखी?”

बाबांनी शिक्षकांचं माप पुन्हा पहिल्यापासून घेतलं, मग म्हणाले, “गुडघा गेल्यावर लाजेने वर्षभर कुणाला तोंड दाखवलं नाही, त्याचं फार वाईट वाटतं म्हणतो. म्हणाला, हिच्याकडून कबूल करून घ्या, काही मोडलं तर त्याच दिवशी घरी यायचं. करारात घालून घ्या म्हणाला.”

“क्लबच्या करारात?”

“क्लबच्या कशाला? आपल्या.”

मी कबूल केलं. शिक्षक साक्षीदार. पँट व्हायची आहे अजून त्यांची.

शोधकाका परवा करार घेऊन आले. बॅग उजव्या खांद्यावर होती. बाबांनी सगळी पानं उभ्याने वाचली आणि मग माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, “कर.” मी सही केली. आईने मागून डोकावून अक्षर बघितलं आणि काही बोलली नाही, म्हणजे अक्षर बरं आलं असावं.

काल कॉलेजात जाऊन ग्रंथपालसरांना स्वतः सांगितलं. फोनवर सांगणं बरं वाटलं नाही. ते हळू आवाजात म्हणाले, “अरेरे,” आणि मग त्याहून हळू, “अभिनंदन.” निघताना प्रयोगशाळेच्या दारातून तराजूकडे एकदा बघितलं. जरा रडले. जरा म्हणजे बसथांब्यापर्यंत. तुला म्हणून सांगते, घरी डोळ्यांत कचरा गेला असं सांगितलं आहे.

सोमवारी जायचं आहे. ऑगस्टमध्ये तू जमिनीवर असशील असं आई म्हणते. त्या महिन्यात आमचा घरच्या मैदानावर पहिला सामना आहे. खेळाडूच्या घरच्यांना तीन जागा मिळतात, ओळीने. मी आईला मधे बसवणार होते, पण ती म्हणाली, “मला कडेची हवी. त्या दोघांना शेजारी बसू दे. भांडले तर भांडले.”

बाबांना मी स्पष्ट सांगितलं, “बाबा, मी खेळणार नाही हं. ताई खेळणार. मी नव्वद मिनिटं बाकावर बसून असणार.”

ते म्हणाले, “बाक आमच्या जागेवरून दिसतो का?”

“दिसतो.”

“मग झालं तर.”

तेव्हा मामा, तूही ये. मी नुसती बसलेली असेन.

तुझी,
शिडी